सेतूवर सासूबाई

मिल्टन कीन्सला राहणाऱ्या माणसानं 'मी रामाच्या सेतूचे फोटो काढून आणतो' असं भर सभेत सांगू नये. सांगायचंच झालं तर निदान बसल्या जागेवरून, बटाटेवडा खाता खाता सांगावं, म्हणजे नंतर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' असं म्हणायला जागा राहते. मी उभा राहून सांगितलं.

सभा वॉटफर्डला होती, आमच्या मंडळाच्या कमिटीची. विषय एकोणनव्वद सालची रामनवमी. अध्यक्ष सुभाष ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचा 'रिव्ह्यू' घ्यायची सवय आहे. मंडळाच्या भेळेचासुद्धा त्यानं एकदा रिव्ह्यू घेतला होता. या खेपेला पाळी कीर्तनाची होती.

"विनय, फेस इट," सुभाष म्हणाला. "गेल्या वर्षी पूर्वरंग संपायच्या आत सगळी टीनएजर्स कार पार्कमध्ये होती. त्यांना काही कळत नाही, ते बोअर होतात. यंदा क्विझ ठेवू आणि मग डिस्को. प्रसाद आहेच."

क्विझ! रामजन्माला! रामाला भाऊ किती, बझर दाबा. मला कीर्तनाचं वेड आहे हे मी लपवत नाही. कीर्तन म्हणजे काय, तर एक माणूस उभा राहतो, झांज वाजवतो, आधी चार शब्द शहाणपणाचे सांगतो, तो पूर्वरंग. मग गोष्ट लावतो, तो उत्तररंग. मधेच गातो, मधेच रागावतो, मधेच आपल्याला रडवतो आणि आपण डोळे पुसायच्या आत हसवतो. माझ्या गाडीत बातम्या लागत नाहीत, कीर्तनाच्या कॅसेट लागतात. एम-वनवर ट्रॅफिक जॅम झाला की बाकीचे लोक हॉर्न वाजवतात, मी म्हणतो, बरं झालं, आख्यान पुरं होईल.

तेव्हा मी उभा राहिलो. "मुलांना डोळ्यांना काहीतरी हवं असतं," मी म्हणालो. "आपण कीर्तनाच्या मागे पडदा लावून स्लाइड्स दाखवू. सेतूच्या. समुद्रात बांधलेल्या दगडांच्या सेतूच्या!"

"आणि त्या कुठून आणणार? लंकेहून?"

"नॉर्दर्न आयर्लंडहून," मी म्हणालो.

याला कारण ऑफिसातलं कॅलेंडर. त्यात फेब्रुवारी महिन्यावर ॲन्ट्रिमच्या किनाऱ्याचा फोटो होता. जायंट्स कॉजवे. हजारो काळे षटकोनी खांब, एकाला एक चिकटून बसवल्यासारखे, पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरत गेलेले. खाली लिहिलं होतं की, एका राक्षसानं स्कॉटलंडला जाण्यासाठी हा पूल बांधला अशी तिकडची दंतकथा आहे. मी महिनाभर त्या फोटोकडे बघत जेवत होतो. माणसाच्या मनात वेडेपणा असाच सँडविचबरोबर शिरतो.

सुभाषनं पेनचं टोपण लावलं. "ऑल राइट. मुलं आरतीपर्यंत बसली, तर कीर्तन कायम. नाही बसली, तर पुढच्या वर्षीपासून क्विझ. ॲग्रीड?"

ॲग्रीड. सगळ्यांनी हात वर केले. माझाही हात वर होता, पण तो आधीपासूनच होता.

*

ही बातमी पसरल्यावर जो उठला त्यानं सल्ला दिला. एकजण म्हणाला, पोस्टकार्डं विकत घे आणि त्यांचेच फोटो काढ. हा सल्ला मला लागला. उद्या म्हणतील, पंढरपूर कशाला हवं, कॅलेंडर आहे. दुसरा म्हणाला, बेलफास्टच्या बॉम्बस्फोटांच्या बातम्या बघतोस ना रोज? इस्टरला तिकडे जातोस आणि तेही सासूला घेऊन? लोक काय म्हणतील? शेजारचे मिस्टर हॉजकिन्स कुंपणावरून म्हणाले, तिकडे फार सुंदर आहे, फक्त पाऊस आडवा पडतो. हा एकच सल्ला खरा ठरला.

सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. हा व्हिसा नॉर्दर्न आयर्लंडला चालतो का, हे विचारायला मी एका सरकारी कचेरीत फोन केला. त्यांनी दुसरीकडे दिला. दुसरीकडच्या बाईंनी विचारलं, "कायमचं स्थलांतर करताय का?" मी म्हटलं, नाही, फोटो काढायचेत. "कोणाचे?" मी म्हटलं, दगडांचे. यावर फोनमध्ये बराच वेळ संगीत वाजलं. शेवटी एका भल्या गृहस्थानं सांगितलं, "सर, ते युनायटेड किंग्डमच आहे. नावातच आहे." मी आभार मानले. पंधरा वर्षं या देशात राहून आपण राहतो त्या देशाचं नाव फोनवरून शिकून घ्यावं लागलं, हे कुणापुढे बोललो नाही.

माझी बायको सुलक्षणा हिनं प्रवासाला दोन अटी घातल्या. एक, कीर्तनाच्या कॅसेट कार्लाइलच्या पुढे लावायच्या नाहीत. दोन, प्रेशर कुकर बरोबर घ्यायचा. "मुक्कामाच्या बी अँड बीत सकाळी अंडी आणि बेकन," ती म्हणाली. "आई काय खाणार? तिच्यासाठी खिचडी तरी लावता आली पाहिजे." कुकरचं झाकण वाटेत उघडू नये म्हणून तिनं तो सुतळीनं उभा-आडवा करकचून बांधला. आत मुगाची डाळ, तांदूळ आणि वर रव्याचे लाडू भरले.

मागच्या सीटवर सासूबाई आणि आमची पंधरा वर्षांची रश्मी. रश्मी इथेच जन्मली, त्यामुळे तिच्या मराठीत टेबल बाई असतं आणि खुर्ची बुवा. "बाबा, किती लांब आहे तो गाव? माझा मान दुखते," हे तिनं बर्मिंगहॅमच्या अलीकडेच सुरू केलं.

खरी अडचण मानेची नव्हती, फोटोंची होती. माझ्याकडे स्लाइडच्या दोनच फिल्म होत्या, आणि मला हवा होता रिकामा सेतू. नुसते दगड, नुसता समुद्र, माणसाचा मागमूस नाही. त्रेतायुग! सासूबाईंचं तत्त्व मात्र आपल्याकडच्या सगळ्या घरांत असतं तेच होतं. माणसाशिवाय फोटो काढणं म्हणजे फिल्म फुकट घालवणं.

"अहो विनयराव, नुसती झाडं काय काढता?" लेक डिस्ट्रिक्टच्या कडेला त्या म्हणाल्या. "झाडं सांगलीतही आहेत. मी उभी राहते. सुलू, ये गं. रश्मी, केस नीट कर."

एक फिल्म अशी स्ट्रॅनरार बंदरातून सुटलेली बोट लार्नला लागेपर्यंत संपत आली. सासूबाई आणि हमरस्त्यावरच्या सर्व्हिसेसमधला फुलांचा ताटवा. सासूबाई आणि 'स्कॉटलंडमध्ये स्वागत' अशी पाटी. सासूबाई आणि बोट. सासूबाई आणि बोटीवरचा एक लॉरी ड्रायव्हर, ज्याला का उभं केलं ते त्यालाही कळलं नाही.

मी दात आवळून गाडी चालवत होतो. दुसरी फिल्म मी हात लावू देणार नव्हतो.

*

लार्नला उतरून थोडं पुढे गेल्यावर रस्त्यात सैनिकांनी गाडी थांबवली. तेव्हा तिकडे अशी तपासणी नेहमीची होती. एक कोवळा, लाल गालांचा सैनिक खिडकीशी वाकला. कुठून आलात, कुठे निघालात, सगळं अदबीनं विचारलं आणि म्हणाला, "बूट उघडता का, सर?"

मी डिकी उघडली. आत मध्यभागी, ब्लँकेटच्या घडीवर, सुतळीनं उभा-आडवा आवळलेला, वर शिट्टी लावलेला, लखलखीत गोल धातूचा डबा.

सैनिक दोन पावलं मागे गेला. मीही गेलो. खरं सांगतो, त्या क्षणी मलासुद्धा त्या कुकरविषयी खात्री वाटेना.

"दॅट इज... राइस," मी म्हणालो.

"राइस, सर?"

"अँड डाळ. लेंटिल्स. फॉर मदर-इन-लॉ."

मागची काच खाली करून सासूबाई विचारत होत्या, "काय म्हणतोय तो? भूक लागली आहे का त्याला? लाडू दे म्हणावं."

सुलक्षणानं उतरून शांतपणे सुतळी सोडली, झाकण उघडलं आणि लाडू त्याच्यापुढे धरला. त्यानं वरिष्ठाकडे पाहिलं. वरिष्ठानं डोळ्यांनी हो म्हटलं. प्रकरण तिथेच संपलं होतं. सैनिक लाडू खात होता, वरिष्ठ 'वन मोअर?' असं काहीतरी पुटपुटत होते. शहाणा माणूस डिकी बंद करून निघाला असता.

पण त्याच वेळी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे एकानं सहज बोट केलं आणि विचारलं, "इथे फोटो नाही ना काढलेत, सर?"

नव्हते काढले. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण निरपराध माणसाला नुसतं 'नाही' म्हणून समाधान होत नाही, त्याला पुरावा द्यावासा वाटतो. "नो, नो! सी! नथिंग!" असं म्हणून मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण खाडकन उघडलं आणि आतली फिल्म भर उजेडात बाहेर ओढून त्यांना दाखवली.

"तसं करायची गरज नव्हती, सर," तो कोवळा सैनिक फार दुःखानं म्हणाला. त्याच्या मिशीला रवा लागला होता.

गाडी निघाल्यावर मागून सासूबाईंचा आवाज आला. "म्हणजे माझे सगळे फोटो गेले?"

"गेले, आई."

"बोटीवरचासुद्धा?"

"हो."

आरशात बघितलं तर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. सांगलीला गल्लीतल्या सगळ्या बायकांना अल्बम दाखवायचं कबूल करून त्या आल्या होत्या, हे मला सुलक्षणानं तेव्हा हळूच सांगितलं. त्यानंतर दुसऱ्या फिल्मवर माझा काही अधिकार उरला नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

*

जायंट्स कॉजवेला पोचलो तेव्हा पाऊस आडवा पडत होता, पण दृश्य असं की मी रस्त्यावरूनच हात जोडले. काळे खांब, त्यांवर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा आणि समोर धुक्यात विरघळत गेलेला समुद्र. वानरसेना नुकतीच दगड टाकून पाणी प्यायला गेली आहे असं वाटलं.

"सगळे जरा वर थांबा," मी म्हणालो. "आधी दोन रिकामे काढतो."

कॅमेरा डोळ्याला लावला. सेतूच्या मधोमध सासूबाई. लाल इरकल, वर माझा रेनकोट, डोक्यावर रश्मीची गोंड्याची टोपी, पायांत ट्रेनर्स. कमरेवर हात.

"आई, जरा डावीकडे."

त्या डावीकडे गेल्या. मी उजवीकडे वळलो. त्याही आल्या. कॅमेऱ्याचं भिंग जिकडे वळेल तिकडे त्या सूर्यफुलासारख्या वळत होत्या.

"आई, हा रामाचा सेतू दाखवायचाय. त्यात माणूस नको."

"रामाच्या वेळी कुणीच नव्हतं का?"

"वानर होते ना."

"मग मी उभी राहिले तर काय बिघडलं?"

मी बटण दाबलं. मग सासूबाई डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे पाहताना. सासूबाई बोट दाखवून रश्मीला दटावताना, कारण ती शेवाळावरून घसरत होती. सासूबाई ओठांवर बोट ठेवून, कारण सुलक्षणा मला काहीतरी बोलत होती आणि सासूबाईंना जावयाची बाजू घ्यायची होती. मी मोजून थोडी फिल्म वाचवली. उद्या पहाटे उठायचं, एकट्यानं यायचं आणि सूर्य उगवताना रिकामा सेतू टिपायचा. उद्या मला कोणी अडवू शकणार नव्हतं.

पहाटे पाऊस थांबला होता. मी खाली उतरलो तर आकाश पूर्वेला लालसर होत होतं आणि सेतूच्या मधोमध लाल अनोरॅक, म्हणजे टोपीचं जाकीट, घातलेला एक म्हातारा बसला होता.

"मॉर्निंग," तो म्हणाला. "लवकर आलात. गोष्ट माहीत आहे का याची?"

मी म्हणालो, थोडी. त्यानं गोष्ट सुरू केली.

आता हे कसं सांगू? तो नुसतं सांगत नव्हता. दोन वाक्यं बोलायचा, मग उठून गायचा, मग हळूच आवाज उतरवून राक्षसाच्या बायकोचं बोलायचा, मग पुन्हा गाणं. हातात झांज नव्हती, पण काठी दगडावर तालात आपटत होता. उत्तररंग! मी पाहता पाहता खाली बसलो, ओल्या दगडावर, मांडी घालून. गोष्ट अशी की, आयर्लंडच्या राक्षसानं पलीकडच्या राक्षसाशी लढायला पूल बांधला. पण पलीकडचा बघितला तर दुप्पट मोठा. हा धूम पळत घरी. तो मागोमाग. तेव्हा बायकोनं नवऱ्याला टोपडं घातलं, पाळण्यात निजवलं आणि दारात उभं राहून पाहुण्याला म्हणाली, 'हळू बोला, बाळ निजलंय.' पाहुण्यानं पाळण्यात डोकावून पाहिलं. बाळ एवढं, तर बाप केवढा असेल! तो जो पळाला तो पूल मोडत मोडत स्कॉटलंडला गेला.

याच वेळी माझ्या मागून सूर्य वर आला. त्या काळ्या खांबांवर सोनं ओतल्यासारखा उजेड पडला. मला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. कॅमेरा मांडीवर होता. पण कीर्तन चालू असताना मधे उठू नये, हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं आहे, आणि कीर्तनकार आयरिश असला तरी नियम बदलतो असं कुठे म्हटलेलं नाही. मी बसून राहिलो. बाळ पाळण्यात निजेपर्यंत उजेड सोन्याचा होता, पाहुणा पळेपर्यंत ढग आले.

गोष्ट संपली तेव्हा मी न राहवून वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्याला वाटलं, माझं काही पडलं. तोही शोधायला वाकला, आणि आमची डोकी आपटली. मग तो म्हणाला, "माझा एक फोटो काढा की." उरलेली फिल्म त्याच्यावर संपली.

*

स्लाइड्स धुऊन पोस्टानं आल्या. मी खिडकीशी एकेक उजेडात धरून पाहिली. रिकामा सेतू एकही नाही. सासूबाई, सासूबाई, म्हातारा, सासूबाई.

तशाच घेऊन वॉटफर्डला वैजयंतीबाईंकडे गेलो. वैजयंतीबाई म्हणजे आमच्या कीर्तनकार. मूळच्या मिरजेच्या, लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एक स्लाइड डोळ्यांजवळ धरली.

"सेतू छान आहे हो, विनयराव," त्या म्हणाल्या. "पण रामनवमीला सेतू कसा लावणार?"

"म्हणजे?"

"रामनवमीला रामजन्म लावतात. बाराला जन्म, मग पाळणा. अजून मूल जन्मायचंय आणि तुम्ही त्याला पूल बांधायला पाठवलंत?"

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकणारा मी! समुद्र ओलांडून गेलो, कुकर बॉम्ब ठरता ठरता राहिला, ओल्या दगडावर बसून गुडघे धरले, आणि हे कुठल्या आख्यानासाठी, एवढं एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या कमिटीतही कुणाच्या आलं नाही. सुभाषला तर क्विझमध्ये हाच प्रश्न विचारायला हवा होता.

"जाऊ दे," मी म्हणालो. "क्विझच होऊ दे. मी प्रसाद वाटीन."

"असं एकदम क्विझवर नका जाऊ," वैजयंतीबाई म्हणाल्या. "तो म्हातारा काय सांगत होता ते तरी सांगा."

मी सांगितली गोष्ट, जमेल तशी, थोडी गाऊनसुद्धा. त्यांची कोथिंबीर हातातच राहिली.

"पाळण्यात निजवलं म्हणालात?"

"हो."

"दुसरी दाखवा बघू," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासूबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या आहेत ना, ती."

*

रामजन्म आम्ही रविवारी करतो, कारण हॉल रविवारी मिळतो. इंग्लंडात देवांनीसुद्धा वीकएंड पाहून जन्म घ्यावा अशी पद्धत आहे. घड्याळ नुकतंच उन्हाळ्यासाठी एक तास पुढे केलेलं असल्यामुळे बारा म्हणजे कुठले बारा यावर बराच वाद झाला आणि शेवटी हॉलच्या घड्याळावर सोपवण्यात आलं.

टीनएजर्स मागच्या रांगेत, दाराजवळ, अंगात कोट तसेच. रश्मीही त्यांच्यात. प्रोजेक्टर सुभाषचा होता, म्हणून तोच चालवायला बसला, आणि त्याचा चेहरा आधीच निकाल लागल्यासारखा होता. पूर्वरंग पाच मिनिटांत आटोपला. मागे एकानं कोटाची झिप लावली.

वैजयंतीबाईंनी झांज वाजवली. "स्लाइड!"

पडद्यावर सासूबाई. कमरेवर हात, गोंड्याची टोपी, ट्रेनर्स. हॉलभर हशा पिकला. पुढच्या रांगेत सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"हसा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ही कोण आहे?"

"रश्मीज ग्रॅन!" मागून कोणीतरी ओरडलं.

"चूक. ही राक्षसाची बायको." आणि झांज. "आयर्लंडच्या किनाऱ्यावर एक राक्षस राहत होता. पुढची लाव रे सुभाष!"

लाल अनोरॅकमधला म्हातारा आला. हाच तो राक्षस. मग डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे पाहणाऱ्या सासूबाई, म्हणजे बायकोला शत्रू येताना दिसला. मग बोट दाखवून दटावताना: 'जा, आत जाऊन पाळण्यात निजा, एक शब्द काढू नका!' नवऱ्याला असं दटावण्यात आमच्या समाजातल्या बायकांना इतकं समाधान मिळालं की, डावी बाजू टाळ्या वाजवायला लागली. वैजयंतीबाई गायच्या, हसायच्या, नौवारीचा पदर खोचून राक्षसासारख्या धपधप चालायच्या. सासूबाईंच्या तोंडावरचा पदर कधी खाली आला कळलं नाही. आता त्या ताठ बसून आजूबाजूला कोण कोण बघतंय ते पाहत होत्या.

मागच्या रांगेतले कोट निघाले होते. मग खुर्च्या पुढे सरकल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं नाही, धीर झाला नाही.

"दारात पाहुणा आला. डोंगराएवढा! आणि ही काय म्हणते?" पडद्यावर ओठांवर बोट ठेवलेल्या सासूबाई. "म्हणते, हळू, बाळ निजलंय. पाहुणा पाळण्यापाशी गेला... वाकला... पांघरुणाचं टोक धरलं..."

हॉलच्या घड्याळात बारा वाजले.

वैजयंतीबाईंनी झांजा आकाशात नेल्या आणि गजर केला. रामजन्म! फुलं उधळली गेली, सजवलेल्या खऱ्या पाळण्याची दोरी सुलक्षणानं धरली, बाईंनी पाळण्याचं गाणं सुरू केलं, आणि मागची सगळी मुलं पाळण्याभोवती येऊन दाटली. कारण काही का असेना, आली. कुणाला वाटलं असेल, आत राक्षस आहे. मी डोळे पुसले. आरती झाली, सुंठवडा वाटला, एकही माणूस बाहेर गेला नव्हता.

"बट व्हॉट हॅपन्ड?" मुलांनी बाईंना घेरलं. "तो राक्षसचं काय झाली?" हा रश्मीचा आवाज.

"देव वेळेवर येतो," वैजयंतीबाई म्हणाल्या. "राक्षसाला थांबवता येतं, पुढच्या रामनवमीपर्यंत. कीर्तन ठेवलं तर सांगीन. अध्यक्षांना विचारा."

सगळी डोकी सुभाषकडे वळली. सुभाष प्रोजेक्टरची वायर गुंडाळायची विसरून उभा होता. "पण बाई," तो म्हणाला, "त्यानं पांघरूण उचललं का?"

"पुढच्या वर्षी."

सुभाषनं मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे. कीर्तन," तो म्हणाला. आभारप्रदर्शनात त्यानं हॉलवाल्याचे, सुंठवड्याचे आणि प्रोजेक्टरच्या बल्बचे आभार मानले. फोटो कोणी काढले हे राहिलं. असो.

परत येताना गाडीत रश्मी माझ्या मागेच लागली. "बाबा, तुला माहीत आहे. त्या म्हातारानं सांगितला ना तुला. टेल मी!"

"नाही," मी म्हणालो. "कीर्तनकारांनी जिथे थांबवलं तिथे श्रोत्यानं थांबायचं असतं."

तिनं सुलक्षणाला मध्ये घातलं, तरी मी बधलो नाही. मिल्टन कीन्सच्या वेशीपर्यंत मी एक शब्द काढला नाही.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "विनयराव, मला तरी सांगा हो. पुढच्या रामनवमीला मी कुठली इथे? मी सांगलीत असेन."

"मग पुन्हा या की, आई," मी म्हणालो.

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आमच्या घराकडे वळायचा राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आला. मी वळलो नाही, एक फेरी मारली.

"अहो, घराचं वळण गेलं," सुलक्षणा म्हणाली.

मी आणखी एक फेरी मारली. मागून एका गाडीनं हॉर्न वाजवला.

"विनयराव, वळा आता, गरगरतंय मला," सासूबाई म्हणाल्या.

"येणार?"

तिसऱ्या फेरीला, शाळेचं वळण जाता जाता, त्या म्हणाल्या, "येते, बाबा. येते."

मी इंडिकेटर लावला.